डेनेट यांनी केलं तरी काय?

जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका परिषदेत मेंदूवैज्ञानिक क्रिस्टॉफ कॉख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांच्या हातात उंची वाइन ठेवली. दोघांची पैज १९९८ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन शहरात लागली होती. जाणिवेमागची मेंदूतली नेमकी खूण पंचवीस वर्षांत स्पष्टपणे हाती लागेल, असं कॉख म्हणत होते. लागणार नाही, असं चाल्मर्स म्हणत होते. कॉख हरले. ही बातमी आपल्याकडे फिरली ती ‘विज्ञानाने अखेर हात टेकले, आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं’ अशा थाटात. दहा महिन्यांनी, १९ एप्रिल २०२४ रोजी, मन आणि जाणीव यांवर लिहिणारे अमेरिकी तत्त्वज्ञ डॅनिएल डेनेट वयाच्या ८२ व्या वर्षी वारले तेव्हा दुसरा पक्ष सरसावला. देव आणि आत्मा दोन्ही निकालात काढणारा थोर नास्तिक गेला, अशी श्रद्धांजली वाहिली गेली. एका बाजूने चाल्मर्स यांना वेदान्ती करून टाकलं, दुसऱ्या बाजूने डेनेट यांना अंधश्रद्धा निर्मूलनाचे आंतरराष्ट्रीय कार्यकर्ते. त्या दोघांनी आयुष्यभर नेमकं काय काम केलं, याची चौकशी करायची गरज दोन्हीकडे फारशी कुणाला वाटली नाही.

दोन्ही पक्षांची चूक एकच आहे. जाणिवेचा खटला चालू आहे, तत्त्वज्ञ त्यातले वकील आहेत आणि निकाल कुणाच्या बाजूने लागला एवढंच आपल्याला कळायला हवं, असं ते धरून चालतात. मग साहजिकच प्रश्न येतो की पन्नास-साठ वर्षं एक माणूस विद्यापीठात बसून मन म्हणजे काय यावर लिहीत राहिला, त्यातून निघालं काय? मेंदूचं स्कॅनिंग करणाऱ्यांनी निदान चित्रं तरी दिली. माझं म्हणणं असं आहे की डेनेट यांची जाणिवेविषयीची उपपत्ती उद्या सपशेल खोटी ठरली तरी त्यांची कारकीर्द वाया गेली असं होत नाही, आणि ती खरी ठरली तरी त्यांचं मोठेपण मुख्यतः तिच्यात नाही. ज्या प्रश्नांवर नुसतं भांडता येत होतं, त्यांतले काही प्रश्न त्यांनी अशा जागी आणून ठेवले की इतरांना त्यांच्यावर काम करता येऊ लागलं. मनाचं तत्त्वज्ञान करणाऱ्याची कारकीर्द या मापाने मोजायला हवी.

डेनेट यांचा जन्म १९४२ चा, बॉस्टनचा. वडील इस्लामी इतिहासाचे अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धात ते बैरुतमध्ये अमेरिकी गुप्तहेर खात्याचं काम करत होते आणि १९४७ मध्ये इथिओपियात विमान अपघातात गेले. मुलगा हार्वर्डमध्ये तत्त्वज्ञ क्वाइन यांच्याकडे शिकला, १९६३ मध्ये पदवी घेऊन ऑक्सफर्डला गेला आणि गिल्बर्ट राइल यांच्या हाताखाली १९६५ मध्ये डॉक्टरेट मिळवून परतला. राइल यांनी १९४९ मध्ये मन आणि शरीर या दोन वेगळ्या वस्तू मानणाऱ्या देकार्तच्या द्वैतवादाची ‘यंत्रातलं भूत’ म्हणून खिल्ली उडवली होती, पण भूत नाही तर आत आहे काय, याचा शोध घेणं हे तत्त्वज्ञाचं काम नाही असं ऑक्सफर्डमधलं वातावरण होतं. शब्द कसे वापरले जातात ते तपासा, बाकीचं शरीरशास्त्रज्ञ बघतील. डेनेट यांनी हे मानलं नाही. अवघडून बसल्यावर हाताला मुंग्या येतात, हात आपला वाटेनासा होतो, हे का, असा प्रश्न पडल्यावर ते चेतापेशींबद्दल वाचायला वैद्यकाच्या पुस्तकांकडे वळले. बरोबरच्या विद्यार्थ्यांना तो विषयांतराचा प्रकार वाटला. पुढे कॅलिफोर्नियात अर्व्हाइनला सहा वर्षं आणि १९७१ पासून बॉस्टनजवळच्या टफ्ट्स विद्यापीठात पाच दशकं, असा त्यांचा प्रवास. टफ्ट्सच्या तत्त्वज्ञान विभागात पीएचडीची सोय नाही, त्यामुळे शिष्यांची फौज उभी करून संप्रदाय चालवण्याची वाट तिथे नव्हतीच. ते मानसशास्त्रज्ञ, संगणकवाले आणि माकडांचा अभ्यास करणारे यांच्यात जाऊन बसत. कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन कसं चालतं याचं अनेक विद्याशाखांनी मिळून केलेलं शास्त्र, हे नाव रुळायच्या आधीपासून ते त्या शास्त्राच्या ओट्यावर होते.

आता एक उदाहरण सविस्तर बघू, कारण माझा सगळा दावा त्यावर उभा आहे. १९७८ मध्ये डेव्हिड प्रीमॅक आणि गाय वुडरफ या मानसशास्त्रज्ञांनी एक निबंध प्रसिद्ध केला. समोरच्याच्या मनात काय आहे हे चिंपांझीला कळतं का, हा त्याचा विषय. सारा नावाच्या चिंपांझीला त्यांनी छोट्या चित्रफिती दाखवल्या. पिंजऱ्यातला माणूस उंचावरच्या केळ्यांपर्यंत हात पोचावा म्हणून धडपडतोय, आता तो काय करेल? साराला अनेक छायाचित्रांतून योग्य ते निवडता आलं. म्हणजे तिला त्या माणसाचा हेतू कळला, असं या दोघांचं म्हणणं. ज्या नियतकालिकात हा निबंध आला त्याची पद्धत अशी की मुख्य निबंधासोबत इतर अभ्यासकांची टिपणं छापायची. त्यांत एक टिपण डेनेट यांचं होतं. त्यांनी विचारलं की साराच्या निवडीवरून तिला माणसाच्या मनाची कल्पना आहे असं ठरतं कसं? केळी कुठे आहेत आणि ती कशी मिळतात, हे तिला स्वतःलाच माहीत आहे. तेवढ्यावर ती उत्तर देत असेल. समोरच्याची समजूत आणि वस्तुस्थिती जोवर सारखीच आहे तोवर प्राणी यांपैकी कशावरून अंदाज बांधतोय, हे बाहेरून ओळखता येणारच नाही. म्हणून परीक्षा अशी हवी की समोरच्याची समजूत चुकीची आहे आणि ती चुकीची आहे हे पाहणाऱ्याला ठाऊक आहे. डेनेट यांनी दाखला दिला तो लहान मुलांच्या बाहुल्यांच्या खेळाचा. पंच नावाचा बाहुला पेटी कड्यावरून ढकलायला निघालाय, त्याची बायको जूडी आतच आहे असं त्याला वाटतंय, पण ती मघाशीच निसटलीय. मुलं आनंदाने किंचाळतात. कशामुळे? पंचला काय वाटतंय ते त्यांना कळतं म्हणूनच.

हे टिपण प्रयोगशाळेत पोचायला फार वेळ लागला नाही. १९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या ऑस्ट्रियन मानसशास्त्रज्ञांनी मुलांना मॅक्सीची गोष्ट सांगितली. मॅक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्यात ठेवते, परत आल्यावर मॅक्सी कुठे शोधेल? तीन वर्षांची मुलं सरळ चॉकलेट जिथे आहे तिथेच बोट दाखवतात. मॅक्सीला ते ठाऊक नाही, हे चार वर्षांनंतर हळूहळू जमू लागतं. १९८५ मध्ये लंडनला सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी सॅली आणि अ‍ॅन या बाहुल्या घेऊन तीच परीक्षा स्वमग्न मुलांना दिली. २० पैकी १६ मुलं चुकली. डाउन सिंड्रोम असलेल्या १४ मुलांपैकी १२ बरोबर होती, म्हणजे ही अडचण सर्वसाधारण बुद्धीची नव्हती. स्वमग्नतेकडे पाहण्याची एक पूर्ण दिशा इथून निघाली. पुढे तिच्यावर पुष्कळ टीकाही झाली आणि ती रास्त होती. सगळी स्वमग्नता एका परीक्षेत मावत नाही, आणि २००५ मध्ये तर पंधरा महिन्यांच्या बाळांच्या नजरेवरून वेगळंच चित्र समोर आलं. चिंपांझींचा मूळ प्रश्नही सुटला नव्हता. २०१६ मध्ये नजरेचा माग काढणाऱ्या यंत्राने मोठ्या वानरांवर प्रयोग झाले. चुकीची समजूत असलेला माणूस कुठे जाईल, तिकडे ती वानरं आधीच पाहतात असं दिसलं. अडतीस वर्षांपूर्वीचा धागा होता तो.

यावर पहिला आक्षेप येईल की हा योगायोग आहे, एखाद्या हुशार मानसशास्त्रज्ञालाही हे सुचलं असतं. सुचलं असतंही. पण प्रीमॅक आणि वुडरफ हुशार नव्हते का? त्यांना चिंपांझी उत्तम कळत होते. कशाला पुरावा म्हणायचं, हा प्रश्न मात्र प्रयोगाच्या आधीचा असतो आणि तो प्रयोगाने सुटत नाही. गंमत अशी की त्याच अंकात जोनाथन बेनेट आणि गिल्बर्ट हारमन या आणखी दोघांनी जवळपास हीच सूचना केली होती. डेनेट यांचं श्रेय त्याने कमी होतं हे कबूल. पण माझा मुद्दा उलट बळकट होतो, कारण तिघेही तत्त्वज्ञ होते. समजूत म्हणजे काय आणि ती खोटी असणं म्हणजे काय, यावर पिढ्यानपिढ्या घासाघीस करणाऱ्या शास्त्रातल्या तीन माणसांना एकाच वेळी एकच भगदाड दिसलं. त्या घासाघिशीला ‘शब्दांचा कीस’ म्हणून हिणवणाऱ्यांनी या अंकाचं काय करायचं ते सांगावं.

डेनेट यांच्या बाबतीत तर या सूचनेमागे त्यांचा स्वतःचा विचार होता. १९७१ पासून ते मांडत होते की बुद्धिबळ खेळणाऱ्या संगणकाला हरवायचं तर त्याच्या तारा तपासून उपयोग नाही. त्याला वजीर वाचवायचाय, त्याला आपला डाव कळलाय, असं धरूनच खेळावं लागतं. मन आहे की नाही याची शपथ न घेता, हेतू आणि समजुती गृहीत धरून वागण्याचा अंदाज बांधण्याची ही रीत. ती कुठे चालते आणि कुठे तोकडी पडते, हे तपासता येतं. १९८३ मध्ये ते केनियात अंबोसेलीला डोरोथी चेनी आणि रॉबर्ट सेफार्थ यांच्याकडे व्हर्व्हेट माकडं पाहायलाही गेले. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळी आरोळी देणारी ही माकडं. खुर्चीत बसून आखलेल्या युक्त्या रानात किती अडखळतात, हे त्यांनी नंतर स्वतःच मोकळेपणाने लिहून ठेवलं. आपल्याकडच्या किती तत्त्वज्ञान विभागांतला प्राध्यापक माकडांमागे जाईल? गेला तर त्याच्या रजेच्या अर्जावर काय शेरा येईल, हेही मनात येऊन जातं.

आता खरा आक्षेप. तो सोपा नाही आणि त्याला टाळून डेनेट यांची बाजू घेण्यात अर्थ नाही. १९९१ मध्ये त्यांनी ‘कॉन्शसनेस एक्स्प्लेन्ड’ लिहिलं. जाणिवेचा उलगडा झाला, अशा थाटाचं शीर्षक. टीकाकार म्हणाले, उलगडा कसला, जाणीवच उडवून लावलीय. थॉमस नेगल यांनी १९७४ मध्ये विचारलं होतं की वटवाघूळ असणं हे आतून कसं असतं. वटवाघळाची सगळी शरीररचना कळली तरी ते कळणार नाही. चाल्मर्स यांनी १९९४ पासून त्याच दुखण्यावर बोट ठेवलं. मेंदू माहिती कशी निवडतो, लक्ष कसं देतो, बोलतो कसा, हे सगळं समजावून झालं तरी या सगळ्यासोबत काहीतरी जाणवतं का, हा प्रश्न उरतोच. तोच अवघड प्रश्न. दाढ दुखत असलेल्या माणसाला ‘ही दुखण्याची समजूत आहे’ म्हणून सांगून पाहा. जॉन सर्ल यांनी १९९५ मध्ये जवळपास हेच सुनावलं की जाणिवेच्या बाबतीत दिसणं आणि असणं यांत फरकच नसतो. मला हा आक्षेप वजनदार वाटतो. डेनेट यांच्या उत्तरांत एक खोडही आहे. नेमक्या अवघड वळणावर ते युक्तिवादाऐवजी एखादी गमतीदार गोष्ट सांगतात आणि वाचक हसत असताना पुढे निघून जातात. चिनी न कळणारा माणूस खोलीत बसून नुसत्या नियमांवरून चिनी उत्तरं देतो, तसाच संगणकही काही न समजता चालतो, या सर्ल यांच्या चिनी खोलीच्या दृष्टान्ताला त्यांनीच ‘अंतःप्रेरणेचा पंप’ असं नाव ठेवलं होतं, वाचकाला हव्या त्या निष्कर्षाकडे ढकलणारं साधन या अर्थाने. असे पंप डेनेट यांच्या स्वतःच्या घरात डझनावारी होते.

तरीही त्यांनी नेमकं काय नाकारलं ते पाहायला हवं. दुखतं हे त्यांनी कधी नाकारलं नाही. आपल्या आत काय चाललंय याचे आपण स्वतः अचूक साक्षीदार असतो, हे त्यांनी नाकारलं. त्यांचा एक साधा प्रयोग घरी करता येतो. समोर एका ठिकाणी नजर रोखा आणि कुणाला तरी नजरेच्या अगदी कडेला पत्त्यांतलं एक पान धरायला सांगा. पान हललं की कळतं, पण ते लाल की काळं हे सांगता येत नाही. ते नजरेच्या बरंच मध्यावर येईपर्यंत पान ओळखता येत नाही. आपली समजूत मात्र अशी की डोळ्यांसमोरचं सगळं दृश्य कडेपर्यंत रंगीत आणि स्पष्ट आहे. मेंदू ते चित्र पूर्ण रंगवून ठेवत नाही, रंगवण्याची त्याला गरजच नसते, असं डेनेट यांनी लिहिलं. त्यानंतर काही वर्षांतच बदल न दिसण्याचे प्रयोग गाजले. १९९८ मध्ये डॅनिएल सायमन्स आणि डॅनिएल लेव्हिन यांनी छापलेला प्रयोग असा. रस्त्यात एक अनोळखी माणूस पत्ता विचारतोय, मधून दोघे जण दार घेऊन जातात आणि त्या आडोशाने विचारणाराच बदलतो. पत्ता सांगणाऱ्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना पत्ताच लागला नाही की समोर आता दुसराच माणूस उभा आहे. आता सर्ल यांचं वाक्य परत वाचा. दिसणं आणि असणं यांत फरक नसतो? आपल्याला काय दिसत होतं याबद्दलही आपण इतके चुकत असू, तर ‘मला आतून ठाऊक आहे’ ही साक्ष वादाच्या शेवटी नाही, सुरुवातीला ठेवायला हवी. दाढदुखीचा प्रश्न याने सुटला नाही. पण त्या प्रश्नातला किती भाग अनुभवाचा आणि किती अनुभवाविषयीच्या आपल्या खात्रीचा, हे वेगळं करणं भाग पडलं.

डेनेट यांच्या बाजूचे लोक इथे नेहमी प्राणशक्तीचा इतिहास काढतात. एकोणिसाव्या शतकात अनेक मोठ्या शास्त्रज्ञांना वाटत होतं की सजीवांत काही वेगळीच शक्ती असते. १८२८ मध्ये व्होलर यांनी प्रयोगशाळेत युरिया तयार केला तेव्हाही ती कल्पना लगेच मेली नाही. पेशी, विकरं, अनुवंशाची रसायनं एकेक करून कळत गेली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तो प्रश्न कुणी विचारेनासं झालं. जाणिवेचंही असंच होईल, असा त्यांचा कयास. यावर चाल्मर्स यांचं उत्तर चोख आहे. सजीव काय काय करतात, हेच तिथे समजावून द्यायचं होतं, आणि जडातून ते कसं होईल याची शंका होती. जाणिवेच्या बाबतीत मेंदू काय करतो ते सगळं सांगून झाल्यावरही प्रश्न शिल्लक राहतो. हा फरक खरा आहे, आणि म्हणून प्राणशक्तीचा दाखला जेवढा ओढला जातो तेवढा ताणू नये. माझा आक्षेप चाल्मर्स यांच्या आडून ‘कधीच नाही’ म्हणणाऱ्यांवर आहे. फ्रेंच तत्त्वज्ञ ऑग्युस्त कोंत यांनी १८३५ मध्ये लिहिलं की ताऱ्यांची रासायनिक घडण माणसाला कधीच कळणार नाही. तिथे जाऊन नमुना आणणं अशक्य, त्यामुळे युक्तिवाद बिनतोड वाटावा असाच. कोंत वारले १८५७ मध्ये. १८५९ मध्ये किर्खहोफ आणि बुन्सेन यांनी प्रकाशाच्या वर्णपटातून मूलद्रव्यं ओळखून दाखवली आणि सूर्यात सोडियम असल्याचं पृथ्वीवरून कळलं. यावरून जाणिवेचं कोडं सुटेलच असं ठरत नाही. पण कोडं कुठल्या वाटेने सुटू शकेल याची कल्पना आज करता येत नाही, एवढ्यावरून ते सुटणारच नाही असं मात्र कसं म्हणायचं?

पैजेच्या बातमीवर उड्या मारणाऱ्यांनी तर पैज काय होती तेही पाहिलं नाही. आत्मा आहे की नाही यावर ती नव्हतीच. मेंदूतली खूण ठरलेल्या मुदतीत स्पष्ट होईल का, एवढंच होतं. चाल्मर्स स्वतः निसर्गनियमांच्या चौकटीतच उत्तर शोधतात. आणि कॉख यांनी हरल्यावर लगेच पुढच्या पंचवीस वर्षांसाठी पुन्हा पैज लावायची तयारी दाखवली. हात टेकलेला माणूस असं करतो? शिवाय ‘आपल्या ऋषींना ठाऊक होतं’ म्हणताना आपले म्हणजे नेमके कोण? दारूच्या घटकांत एकेकटी नशा नसते, ती आंबवल्यावर येते, तसं महाभूतांच्या मिश्रणातून चैतन्य येतं असं म्हणणारा चार्वाक आपलाच. चाक, आस, जू बाजूला काढल्यावर रथ म्हणून वेगळं काय उरतं, असं मिलिंद राजाला विचारून ‘मी’ नावाची वेगळी वस्तू नाकारणारा नागसेन आपलाच. आत्मा मानूनही मोक्षात त्याला जाणीव उरत नाही म्हणणारे न्यायदर्शनाचे नैयायिक आपलेच, आणि असला दगडासारखा मोक्ष सांगणाऱ्या न्यायसूत्रकार गौतमाची बाराव्या शतकात ‘नैषधीयचरिता’त टिंगल उडवणारा श्रीहर्षही आपलाच. या मंडळींनी एकमेकांची एकेक ओळ खोडून काढत शेकडो वर्षं वाद घातला. त्या सगळ्यांना एका रांगेत उभं करून ‘आमचं आधीच ठरलं होतं’ असं म्हणणं हा त्यांचा गौरव नाही. त्यांना डेनेट यांच्याशी भांडायला मजा आली असती असं मला वाटतं.

दुसऱ्या पक्षाबद्दल थोडक्यात. २००६ मध्ये डेनेट यांनी धर्म ही नैसर्गिक घटना म्हणून अभ्यासावी असं पुस्तक लिहिलं, पुढच्या वर्षी डॉकिन्स, हॅरिस आणि हिचन्स यांच्यासोबत त्यांची गप्पांची फीत निघाली आणि ते नव्या नास्तिकतेच्या चार घोडेस्वारांपैकी एक झाले. त्यांच्या कारकिर्दीतला हा मला सर्वांत कमी रस वाटणारा भाग आहे, आणि विवेकवाद्यांनी नेमका तोच उचलला. उचलताना एक गोष्ट सोयीस्कर विसरली गेली. मेंदूच सगळं ठरवतो, इच्छास्वातंत्र्य हा भ्रम आहे, असं आपल्याकडचे विवेकवादी ठासून सांगतात आणि पुराव्याला बेंजामिन लिबेट यांचा १९८३ चा प्रयोग देतात. हात हलवण्याआधी साधारण अर्धा सेकंद मेंदूत हालचाल सुरू होते आणि ‘हलवावा’ ही जाणीव त्यानंतर, हालचालीच्या सुमारे पाचवा हिस्सा सेकंद आधी येते. डेनेट या निष्कर्षाचे पक्के विरोधक होते. जाणिवेचा ‘नेमका क्षण’ घड्याळात दाखवता येतो असं मानणं म्हणजे मेंदूत एक नाट्यगृह आहे आणि तिथे कुणी प्रेक्षक बसलाय असं मानणं, असा त्यांचा मुद्दा. १९८४ पासून ते सांगत होते की जबाबदार वागायला पुरेल एवढं स्वातंत्र्य मेंदूच्या नियमबद्धतेसह नांदू शकतं, आणि यावरून त्यांनी हॅरिस यांच्याशी जाहीर वादही घातला. २०१२ मध्ये आरोन शर्गर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी वेगळ्या वाटेने दाखवलं की लिबेट यांना दिसलेला चढता आलेख मेंदूतल्या सततच्या गोंगाटाच्या सरासरीतूनही उमटू शकतो, तो ‘निर्णय’ असलाच पाहिजे असं नाही. म्हणजे ज्यांचा फोटो लावून भाषण करायचं, त्यांच्याच विरोधात भाषण करायचं, असा प्रकार.

डेनेट यांचं सगळंच जमलं असंही नाही. समोर माणूस बोलतोय की संगणक, हे संवादावरून ओळखण्याच्या लोबनर स्पर्धेच्या समितीचे ते पहिले अध्यक्ष. १९९१ मध्ये बॉस्टनला पहिली फेरी झाली. स्पर्धा खऱ्या अर्थाने कठीण करावी, हे त्यांचं म्हणणं चाललं नाही आणि ते बाहेर पडले. नव्वदीच्या दशकात रॉडनी ब्रूक्स यांच्यासोबत एमआयटीमध्ये कॉग नावाचा माणसासारखा यंत्रमानव घडवण्याच्या प्रकल्पात त्यांनी उत्साहाने भाग घेतला. त्यातून जाणीव असलेलं यंत्र निघालं नाही. पण कारखान्यात उतरणाऱ्या तत्त्वज्ञाचं असंच होतं. ह्यूबर्ट ड्रायफस यांनी १९६५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संशोधनाची किमयागारीशी तुलना केली, दोन वर्षांनी मॅकहॅक या बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमकडून ते हरले आणि त्यांची यथेच्छ टवाळी झाली. अंगभूत व्यवहारज्ञान नियमांच्या यादीत बसत नाही, हे त्यांचं म्हणणं मात्र पुढच्या दोन-तीन दशकांत संशोधकांनाच पटत गेलं. हरायला जागा असणं ही कामाची खूण आहे. जिथे हरताच येत नाही तिथल्या व्याख्यानांना आपल्याकडे गर्दी फार असते.

मे २०२३ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या वर्षभर आधी, डेनेट यांनी ‘द अटलांटिक’मध्ये लिहिलं की माणसाचं सोंग घेऊन बोलणारे प्रोग्रॅम ही बनावट माणसं आहेत आणि बनावट नोटा छापणाऱ्यांप्रमाणे ती बनवणाऱ्यांना शिक्षा व्हायला हवी. यात विसंगती आहे, असा एक आक्षेप घेता येतो. हेतू गृहीत धरून अंदाज बांधा, आतलं मन खरं की खोटं याची पंचाईत नको, असं सांगणाऱ्याला बनावट आणि अस्सल असा भेद कसा सुचला? मला विसंगती दिसत नाही. समोरच्यात हेतू पाहण्याची आपली सवय इतकी पक्की आहे की ती आपोआप चालू होते. म्हणूनच ती व्यापाराला वापरता येते. पाच दशकं त्या सवयीचा अभ्यास केलेल्या माणसाला तिचा गैरवापर कुठून होईल हे दिसलं नसतं तरच नवल. शिक्षेची त्यांची सूचना मला अव्यवहार्य वाटते, कारण सोंग कुठे संपतं आणि साधन कुठे सुरू होतं हे कुठलं न्यायालय ठरवणार? पण कुठल्या प्रश्नावर कायदा हवा, हे त्यांनी बरोबर ओळखलं.

आणि त्याच वर्षी ती जुनी परीक्षा परत आली. फेब्रुवारी २०२३ मध्ये संशोधक मिखाल कोसिन्स्की यांनी जाहीर केलं की मोठ्या भाषिक प्रोग्रॅमना चुकीची समजूत ओळखण्याच्या कसोट्या जमतात. पिशवीत पॉपकॉर्न आहे, लेबलावर चॉकलेट लिहिलंय, उघडून न पाहता लेबल वाचणाऱ्या मुलीला आत काय आहे असं वाटेल? चॉकलेट, प्रोग्रॅमने उत्तर दिलं. त्याच महिन्यात टोमर उलमन यांनी गोष्टीत एकच बदल केला. पिशवी पारदर्शक आहे. मुलीला पॉपकॉर्न समोर दिसतंय, पण प्रोग्रॅम म्हणाला, तिला चॉकलेटच वाटेल. नंतरचे प्रोग्रॅम सुधारले, परीक्षाही अवघड झाल्या, आणि आता भांडण चालू आहे ते यावर की बरोबर उत्तर आलं तर ते समजुतीचा पुरावा धरायचा की पाठांतराचा. १९७८ च्या टिपणात साराबद्दल विचारलं होतं ते हेच. फरक एवढा की साराच्या वेळी उत्तर काहीही आलं तरी कुणाचे शेअर वधारणार नव्हते. आज ज्या कंपन्या हे प्रोग्रॅम विकतात, त्यांतल्या पुष्कळ जणी परीक्षाही स्वतःच आखतात आणि निकालही स्वतःच जाहीर करतात.